समोर कोण बसलं होतं

“तुम्ही ओव्या म्हणायचात तेव्हा ऐकायला कोण असायचं?”

२०१७च्या नोव्हेंबरात सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातल्या एका वाडीत हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून नेला होता. पडवीत सतरंजी अंथरलेली, समोर सात-आठ बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या. प्रश्न ऐकून त्या एकमेकींकडं बघत राहिल्या. शेवटी एकजण म्हणाली, “पहाटं चार वाजता कोन असनार बाय? समदी झोपल्याली असायची.” दुसरी म्हणाली, “जातं आइकायचं की.” सगळ्या हसल्या. मी वहीत लिहिलं: श्रोते नाहीत. त्यानंतरची चार वर्षं त्या दोन शब्दांपाशीच घुटमळण्यात गेली.

या विषयाकडं मी मैफलीच्या वाटेनं आले. बारा वर्षं ख्याल शिकले, पुण्यात भरपूर गाणं ऐकलं, आणि हळूहळू गाणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांकडं माझं लक्ष जास्त जायला लागलं. समेला मान कुणाची हलते, पहिली दाद कुठून येते, पुढं बसलेल्या एखाद्या जाणत्याच्या चेहऱ्याकडं बघून गवई कसा खुलतो किंवा आवरतं घेतो, हे सगळं मला गाण्याचाच भाग वाटायचं. संगीत-अभ्यासक अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या ज्या कोटी मांडल्या (आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम) त्या अभ्यासतानाही मी प्रत्येक कोटीतला ऐकणारा शोधत असे. आधी कोकणातल्या डबलबारी भजनांचा अभ्यास करायचं ठरवलं होतं. तिथं दोन बुवा आमनेसामने, एकाच्या गजराला दुसऱ्याचं उत्तर, आणि रात्रभर जागून कोण वरचढ ठरला ते सांगणारं रसिकांचं दाट कडं. श्रोता शोधावा लागतच नाही, तो अंगावर येतो. काही महिन्यांनी माझ्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, “आणि जिथं समोर कुणीच बसत नाही, तिथं काय करशील?” त्या प्रश्नानं मला जात्यापाशी आणून सोडलं.

ओवीबद्दल वाचायला पुष्कळ आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख येतो. कांडताना, म्हणजे उखळ-मुसळापाशी. मला त्या नोंदीत एक गोष्ट फार मोलाची वाटते: राजाच्या किंवा त्याच्या पंडिताच्या कानावर ते गाणं कधीतरी पडलं होतं. कष्ट करणारी बाई आपल्या नादात गात होती आणि भिंतीपलीकडून कुणीतरी ऐकत होतं. पुढं विसाव्या शतकात साने गुरुजींनी, दुर्गा भागवतांनी, सरोजिनी बाबर यांनी ओव्या गोळा केल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. पण छापील ओवी म्हणजे बहुतेक वेळा दोन-चार ओळी शब्द. गाताना बाई ओळ उलगडते, अर्ध्यावर सोडते, पुन्हा उचलते, मध्ये ‘सांगते बाई तुला’ असं काहीबाही घालते. हे ‘तुला’ म्हणजे कोण, हा प्रश्न छापताना गळून जातो.

तो गळू दिला नाही असं एक मोठं काम आपल्याकडं झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागातून सुरुवात करून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकात संगीत-संशोधक बर्नार्ड बेल यांनी त्यात भर घालून एकशेवीस तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळानं २०१७पासून त्या ओव्या सर्वांना ऐकायला खुल्या केल्या. मी त्या हेडफोन लावून रात्र-रात्र ऐकल्या. गाणाऱ्या बाईच्या मागून येणारे आवाज मला खिळवून ठेवायचे: कुणी दुजोरा देतंय, कुणी खोकतंय, एखादं पोर कुरकुरतंय. ही माणसं कोण, हे मला जाणून घ्यायचं होतं. तरीही वाडीत गेले ती ‘श्रोते नाहीत’ लिहून परत आले.

दुसऱ्या खेपेला चूक कळली. मी बायकांना सतरंजीवर बसवून ‘म्हणा’ म्हणत होते. त्या चार ओळी म्हणायच्या आणि अडायच्या. “हाताला काय न्हाई तर त्वांडाला कुठनं येनार?” असं ज्यांनी मला तोंडावर सांगितलं, त्यांना सगळी वाडी अक्का म्हणते. त्यांचं जातं गोठ्यामागं पालथं पडलं होतं. खुंटा कुजलेला, वरच्या पाळीवर कोंबड्यांनी बस्तान मांडलेलं. मी विचारलं, हे सुरू करता येईल का. अक्का माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “टाकी लावाय लागंल.”

टाकी लावणारी माणसं पूर्वी दारोदार हाळी देत फिरायची. आता शोधावी लागली. शेजारच्या गावातले एक म्हातारे पाथरवट दोन दिवसांनी आले. काळ्या पाषाणाच्या त्या दोन तळ्या त्यांनी अंगणात उलट्या मांडल्या आणि छिन्नीनं खाचा पाडत सकाळ घालवली. नवा खुंटा बाभळीचा. मधला खिळा सैल होता, तो पाचर मारून घट्ट केला. पहिलं दळण मातीचं येतं, म्हणून आधी थोडे जोंधळे दळून टाकून दिले, मग पुन्हा दळले. जातं फिरायला लागल्याचा तो जड, घशातून यावा तसा घरघराट ऐकून दोन घरं पलीकडच्या आजी काठी टेकत आल्या आणि काही न बोलता उंबऱ्यात बसल्या.

मी ध्वनिमुद्रणाची तयारी केली. एक बारीक माईक अक्कांच्या पदराला, दुसरा जात्याच्या शेजारी. बांगड्या माईकला लागत होत्या, म्हणून तो खांद्याजवळ सरकवला. जात्याची थरथर जमिनीतून दुसऱ्या माईकमध्ये शिरत होती, म्हणून त्याखाली गोधडीची चौपदरी घडी घातली. जातं आणि गळा वेगवेगळे ऐकू यावेत, पण एकमेकांपासून तुटू नयेत, एवढं साधायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी पहाटे सगळं बरोबर लागलं. अक्का बसल्या, वैरणीची, म्हणजे जात्यात घालायच्या दाण्यांची, पाटी उजवीकडं ओढली, पदर खोचला आणि थांबल्या.

“समोर कोन बसनार?”

मी म्हणाले, मी इथं आहे, ऐकते आहे. त्या म्हणाल्या, “लांब बसून आइकत्यात व्हय? खुंट्याला हात लाव.”

यंत्र चालू ठेवून मी समोर जाऊन बसले. एक पाय पसरलेला, एक दुमडलेला, दोघींचे हात एकाच खुंट्यावर, माझा खाली, त्यांचा वर. पहिल्या काही फेऱ्यांत मी जोर लावत होते आणि त्या मला ओढत होत्या. मग हात जुळले. त्यांनी पहिली माझी ओवी म्हणून सुरुवात केली, ओळ अर्ध्यावर आणली आणि गप्प झाल्या. जातं फिरत होतं. मला वाटलं, विसरल्या. तर म्हणाल्या, “झेल की.”

मला झेलता येत नव्हतं. बारा वर्षांचं शिक्षण, स्वर कानाला बरोबर कळत होता, पण ती अर्धी ओळ कुठून उचलायची आणि कुठं परत द्यायची ते कळेना. अक्कांनी पुन्हा म्हटली, पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा मी शब्द न म्हणता नुसता सूर धरला. त्यांना तेवढं पुरलं. मग एकामागून एक ओव्या यायला लागल्या. आधी देवाच्या, मग आईबापाच्या, लेकीच्या, मुंबईच्या. मूठ घालायच्या वेळी फेरा सैल पडायचा आणि आवाजही तिथंच टेकायचा. उजाडलं तेव्हा माझ्या तळहाताला फोड आला होता आणि पीठ जेमतेम दोन भाकरींचं झालं होतं.

घरी येऊन मी ते ‘श्रोते नाहीत’ खोडलं आणि लिहिलं: ऐकणारी खुंट्याला असते. मैफलीत ऐकणारा मानेनं, डोळ्यांनी, ‘वा’ म्हणून ऐकतो. इथं ऐकणं हातात होतं. समोरची बाई ऐकत नसेल तर फेरा जड होतो, आणि जड फेऱ्यावर ओवी चालत नाही. अक्का आपल्या थोरल्या जावेबरोबर पंचवीस-तीस वर्षं दळत होत्या. ती जाऊ मी वाडीत येण्यापूर्वीच वारली होती. “जनीच्या जात्याला इट्टल हुता,” अक्का म्हणाल्या, “आमच्याला जाऊबाई.” वारीला गेल्यावर पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून दाखवतात ते जातं दोघींनी मिळून पाहिलं होतं. देव जात्याशी येऊन बसतो ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण खुंट्यापाशी बसून ऐकल्यावर पहिल्यांदा कळलं की जनीला भक्तीच्या बरोबरीनं समोर कुणीतरी हवं होतं.

मात्र खुंट्याला धरलेली बाई ही एकटीच ऐकणारी नव्हती. ते पुढच्या दोन वर्षांत, तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. मी प्रश्न बदलला होता. ‘ऐकायला कोण असायचं’ असं न विचारता ‘त्या वेळी घरात कोण कुठं झोपलेलं असायचं’ असं विचारू लागले, आणि बायका खोलीचा नकाशाच काढू लागल्या. इथं जातं, इथं चूल, भिंतीशी सासू, ओट्यावर दीर, आत नवरा, मांडीवर तान्हं. मग आपोआप पुढचं यायचं. “सासू झोपल्याली नसायची वो. कूस बदलायची. कूस बदलली की कळायचं, लागलं.” एका काकींनी नवऱ्याबद्दल सांगितलं, की त्याचं घोरणं थांबलं की तो ऐकतोय हे त्या ओळखायच्या, आणि जे दिवसा तोंडावर बोलायची सोय नव्हती ते त्या वेळी ओवीत घालायच्या. सकाळी तो काही बोलायचा नाही. बाजाराच्या दिवशी मात्र सांगितलेली गोष्ट आणायचा. एका बाईनं शेजारच्या घरातल्या जात्याला उत्तर दिल्याचं सांगितलं, मध्ये मातीची भिंत, तिकडची ओवी संपली की इकडची सुरू.

ज्या पहाटेला ‘समदी झोपल्याली’ असायची, तिथं अख्खं घर कान देऊन पडलेलं असायचं. सगळ्यांनी झोपल्याचं दाखवायचं आणि बाईनं ते खरं मानायचं, असा तो करार होता. तोंडावर बोललेल्याचा जाब विचारता येतो. झोपेत ऐकलेल्याचा कसा विचारणार? मला वाटतं ओवीला जी मोकळीक मिळाली ती या पांघरुणाखालच्या श्रोत्यांमुळं. समोर येऊन बसले असते तर ती ओवी राहिलीच नसती.

या भागात आणखी एक मोठा श्रोतृवर्ग होता, घरात नसलेला. पाटणची कितीतरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. कापडगिरण्यांत, नंतर माथाडी म्हणून गोदीत आणि बाजारात. वाडीत बायका, म्हातारी आणि पोरं. त्यामुळं इथल्या ओव्यांमध्ये मुंबई फार येते. मनिऑर्डर येते, खोली येते, सणाला येणारी एसटी येते. १९८२च्या संपात गिरण्या बंद पडल्यावर माणसं घरी परतली, तेव्हा काही ओव्या म्हणायच्या बंद झाल्या असं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. ज्याला उद्देशून त्या होत्या तो घरात येऊन बसला होता. गिरणी हा शब्द इथं दोनदा आयुष्यात येतो: एक गिरणी नवऱ्याला घेऊन गेली, दुसरी पिठाची गिरणी आली आणि जातं गोठ्यामागं गेलं. त्या दुसऱ्या गिरणीबद्दल कुणाही बाईनं वाईट बोलल्याचं मला आठवत नाही. पहाटे तीनला उठून सात-आठ माणसांचं पीठ दळणं म्हणजे काय असतं ते त्यांच्या खांद्यांना विचारावं. जात्याच्या आठवणीनं गहिवरणाऱ्या शहरी मंडळींना मी हे आवर्जून सांगते. गळा गेल्याचं दुःख त्यांना आहे, कष्ट गेल्याचं नाही.

अक्कांनी आपल्या दळणाच्या वर्षांचा हिशेब भूकंपावर लावला. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटे चार वाजून गेल्यावर. लग्न होऊन त्यांना दुसरं वर्ष. दोघी जावा जात्यावर होत्या. अक्का सांगतात, आधी वाटलं जातंच गुरगुरतंय, मूठ जास्त पडली असेल, म्हणून हात थांबवला. हात थांबला तरी आवाज थांबेना. मग भांडी पडली. दोघी तान्ह्यांना घेऊन बाहेर पळाल्या आणि मागची भिंत जात्यावर कोसळली. “दळाय उठलो नसतो तर तिथंच निजलो असतो,” त्या म्हणाल्या. त्या पहाटेची अर्धी राहिलेली ओवी त्यांना अजून आठवते. ती त्यांनी मला म्हणून दाखवली, तिथंच थांबवून. पुढची ओळ जाऊबाईंनी झेलायची होती, म्हणून त्यांनी ती कधी पुरी केली नाही.

मुद्रण झालं की शब्द उतरवायचं काम. ईलान नावाच्या संगणक-प्रणालीत आवाजाच्या पट्टीखाली हव्या तेवढ्या ओळी आखता येतात आणि प्रत्येक नोंद त्या-त्या क्षणाला जोडता येते. मी आधी तीन ओळी आखल्या होत्या: शब्द, चाल, जात्याचा फेरा. आता चौथी घातली, ऐकणारा. त्यात सगळं टिपत गेले: कुणी ‘व्हय बाय’ म्हटलं, कुणी उसासा टाकला, उंबऱ्यातल्या आजींनी काठी आपटली, कुणी उठून गेलं. एक तासाच्या मुद्रणाला मला चार-पाच दिवस लागायचे. पण चौथी ओळ भरत गेली तसं दिसायला लागलं की गळा कुठं चढतो आणि कुठं उतरतो याचा संबंध पुष्कळदा शब्दांपेक्षा त्या चौथ्या ओळीशी आहे. समोरून हुंकार आला की पुढची ओवी त्याच विषयावर. हुंकार आला नाही की विषय बदलून देवावर.

मग मी ऐकवण्या सुरू केल्या. मुद्रित ओव्या घेऊन वाडीत परत जायचं, त्या सर्वांना ऐकवायच्या आणि ऐकताना काय होतं ते टिपायचं. मला हे संशोधनाचं सगळ्यात सुंदर अंग वाटत होतं, आणि तिथंच मला सगळ्यात मोठा धक्का बसला.

अक्कांनी एका पहाटे भावावर ओव्या म्हटल्या होत्या. भावाच्या ओव्या म्हटलं की आपल्याला ठाऊक असतात त्या कौतुकाच्या: भाऊ येतो, चोळी आणतो, घोड्यावरून उतरतो. अक्कांच्या तशा नव्हत्या. बापाच्या जमिनीचं हक्कसोड करून दिलं त्यानंतर माहेरचं दार कसं बदललं, याबद्दल त्या होत्या. त्या मी इथं उतरवणार नाही. मला त्या असामान्य वाटल्या. मी ऐकवणीच्या यादीत घातल्या. नशिबानं पडवीत बसायच्या आधी अक्कांना यादी वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी नातवाला पाठवून मला बोलावून घेतलं.

“ती पुसून टाक.”

मी पुसायला तयार होते. यंत्र हातात घेतलं. मग त्याच म्हणाल्या, “नगं, पुसू नगं. पर भावाच्या कानावर जाऊ दिऊ नगं. वैनीच्या तर मुळीच नगं. जाऊबाईला ठावं हुतं, तिच्यासंगं ग्येलं. तू खुंट्याला हुतीस म्हून आलं त्वांडातनं.”

माझ्याकडं त्यांचा अंगठा असलेला संमतीचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं की हे ध्वनिमुद्रण संशोधन व शैक्षणिक कारणांसाठी वापरण्यास माझी हरकत नाही. मी तो वाचून दाखवला होता, समजावून सांगितला होता, नियमाप्रमाणं सगळं केलं होतं. पण तो कागद एवढंच विचारत होता की आवाज घेऊ का. तो कुणी ऐकावा, हे त्यानं विचारलंच नव्हतं. ज्या संशोधनाचा विषयच ऐकणारा होता, त्या संशोधनात मी हा प्रश्न गाणारीला विचारला नव्हता. त्या रात्री मला झोप आली नाही.

मी कागद बदलला. संस्थेतल्या समितीला तो पटवायला दोन महिने गेले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. नव्या कागदावर शब्द कमी आणि चित्रं होती: एकात एक पाच वर्तुळं. सगळ्यात आत जातं, त्याबाहेर घर, मग वाडी, मग माहेर आणि मुंबई, आणि सगळ्यात बाहेर जग, म्हणजे रेडिओ, फोन, पुस्तक, परका माणूस. प्रत्येक ओवी ऐकवायची आणि ती बाई समोर ठेवलेल्या कागदावर जोंधळ्याचा दाणा ठेवणार: कुठपर्यंत जाऊ द्यायची. वाचता न येणाऱ्या बायकांनी हे काम माझ्यापेक्षा बारकाईनं केलं. दाणा ठेवून पुन्हा उचलायच्या, विचार करायच्या, ओवी परत लावायला सांगायच्या.

त्यातून जे दिसलं ते मला अपेक्षित नव्हतं. मी धरून चालले होते की जितकं लांबचं वर्तुळ तितकी भीड जास्त. देवाच्या ओव्या जगभर जाऊ दे, हे सगळ्यांनी म्हटलं. पण सासुरवासाच्या ओव्यांना कितीतरी जणींनी मधली वर्तुळं सोडून थेट बाहेरच्या वर्तुळात दाणा ठेवला. “रेडिवोवर लाव. पर माझ्या सुनंपुढं नगं.” परक्यानं ऐकलं तर ती बाईची कहाणी. घरातल्यानं ऐकलं तर ती नाव घेऊन केलेली तक्रार. शिवाय ज्यांची सासू केव्हाच गेली, त्यांच्या सुना आता घरात होत्या आणि आपणच त्या ओवीतल्या सासूच्या जागी बसलो आहोत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. गुरुग्रामच्या संगीत-अभिलेखागारासारख्या ठिकाणी प्रत देताना आता मी प्रत्येक ओवीबरोबर तिचं वर्तुळही लिहून देते. काही ओव्या दिल्याच नाहीत.

२०१९च्या दिवाळीनंतर मी कोपरखैरण्याला गेले. तिथल्या माथाडी वसाहतीत वाडीतल्या सहा-सात घरांची माणसं राहतात. ज्यांच्या ओव्यांना ‘मुंबई’पर्यंत दाणा पडला होता, त्या घेऊन गेले होते. एका घरात सगळे जमले. बाजार समितीत आयुष्यभर पोती वाहिलेले एक सत्तरीचे काका दाराशी खुर्ची घेऊन बसले. ओवी लागली. त्यांच्या चुलतीचा आवाज होता. काकांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा उजवा पाय हलायला लागला, मांडीपासून, सावकाश, जात्याच्या फेऱ्याबरोबर. घरातली पोरं बघत होती. ओवी संपल्यावर मी विचारलं, शब्द आठवत होते का. ते म्हणाले, “शबुद न्हाईत ध्यानात. आयच्या मांडीवर डोस्कं असायचं आन ती मांडी हलत ऱ्हायाची, तेवढं ध्यानात हाय.”

ते वाक्य मी चौथ्या ओळीत जसंच्या तसं लिहिलं. ओव्यांचे सगळ्यात जुने श्रोते हे असे आहेत, दुधावरचे. त्यांना ओवी आधी अंगात मिळाली आणि शब्द मिळायच्या आत ती संपली. पुरुषांना ओव्या येत नाहीत असं मी सुरुवातीला नोंदवलं होतं. त्यांना म्हणता येत नाहीत, एवढंच खरं होतं.

हल्ली जातं फिरतं ते लग्नात. हळदीच्या आदल्या दिवशी जात्याला कुंकू लावायचं, खुंट्याला आंब्याची डहाळी आणि सुपारी बांधायची, पाच सवाष्णींनी हळकुंडं दळायची. मी तशी चार लग्नं पाहिली. दोन-तीन ओव्या होतात, फोटो काढणारा ‘पुन्हा एकदा’ म्हणतो, आणि पलीकडून मोठा आवाज सुरू होतो. मला ते ऐकताना वाईट वाटतं. एका लग्नात मात्र नवरीच्या आजीनं दळता दळता नातीकडं न बघता एक ओवी म्हटली आणि नवरीनं हातातला मोबाइल खाली ठेवला. तेवढी एक जागा माझ्या मुद्रणात आहे. तिथं जातं आणि गळा यांच्याशिवाय काही नाही.

२०२०च्या मार्चनंतर दीड वर्ष मला वाडीत जाता आलं नाही. मुंबईची माणसं गावी परतली, शाळेत राहिली, मग घराघरांत आली. अक्कांचा नातू अधूनमधून फोन लावून द्यायचा. त्या विचारायच्या, “माझी ती ठेवलीस न्हवं नीट?” मी म्हणायचे, ठेवली आहे, कुणी ऐकली नाही.

२०२१च्या डिसेंबरात गेले. अक्का थकल्या होत्या, खुंट्याला हात पुरत नव्हता. जेवणं झाल्यावर सुना भांडी घासायला मागं गेल्या तेव्हा त्या हळू म्हणाल्या, “आज आइकव मला.” मी यंत्र काढलं, हेडफोन दिले. त्यांनी ते हातात धरून बघितले आणि परत केले. कानात काही घालून घ्यायचं नव्हतं त्यांना. म्हणाल्या, “जात्याच्या खोलीत लाव. बारीक आवाजात. आन दार वढून घे.” मी खुंट्याच्या समोर, जिथं बसायचे त्या जागी, यंत्र ठेवलं, चालू केलं, दार ओढून घेतलं आणि अंगणात येऊन बसले.

आतून आधी जात्याची घरघर आली, चार वर्षांपूर्वीची. मग त्यांचा आवाज, त्या पहाटेचा, भरलेला. ओळ अर्ध्यावर आली, तिथं मुद्रणात मी शब्दांविना सूर धरलेला होता. पण आता त्या जागी दुसरा आवाज होता, बारीक, कापरा, शब्दांसकट. अक्का स्वतःची ओवी झेलत होत्या.

मी उठले आणि ऐकू येणार नाही इतक्या लांब, पांदीच्या टोकाला जाऊन उभी राहिले.